टीबी निघाला नाही, त्यानंतर

रायपुरात थुंकीच्या तपासणीत टीबी निघाला, की माणूस सरकारी हिशेबात येतो. ‘निक्षय’ या संगणकावरच्या नोंदवहीत त्याचा क्रमांक पडतो, गोळ्यांची पाकिटं फुकट मिळतात, घरातल्या बाकीच्यांना तपासणीला बोलावतात. खुराकासाठी बँकेत महिन्याला १००० रुपये जमा होतात. २०१८ साली ही योजना सुरू झाली तेव्हा ५०० यायचे, नोव्हेंबर २०२४पासून ते दुप्पट झाले. शिवाय वस्तीतली मितानीन आहेच. देशभर आशाताई आल्या त्याच्याही आधी, राज्य नवं असतानाच, २००२ साली छत्तीसगढने या मितानीन उभ्या केल्या. ती अंगणात उभी राहून विचारते, “दाई, दवई खाए हस?” आणि ‘हो’ ऐकल्यावरही रिकामं पाकीट बघायला मागते.

या व्यवस्थेला भोकं नाहीत असं कुणी म्हणणार नाही. मार्च २०२४मध्ये टीबीच्या गोळ्यांचा तुटवडा पडला आणि केंद्राने राज्यांना कळवलं की तीन महिन्यांपुरती खरेदी तुमची तुम्हीच करा. ज्या रोगात एक दिवसाचा खाडा चालत नाही असं रोग्याला बजावतात, त्यात सरकारचाच खाडा पडला. तरीही टीबी झालेला माणूस कुणाचा तरी असतो. त्याचं नाव कुठल्या तरी यादीत असतं आणि तो आला नाही तर कुणीतरी विचारायला जातं.

आता दुसरी शक्यता घ्या. दोन महिने खोकला आहे, वजन उतरलंय, संध्याकाळी कणकण येते, एक्स-रेवर डाग आहेत, सूक्ष्मदर्शकाखाली जंतूही दिसले आहेत. आणि मोठ्या प्रयोगशाळेतून कागद येतो: जंतू आहेत, पण टीबीचे नाहीत. घरातले देवापुढे साखर ठेवतात. खरं तर साखर ठेवण्यासारखं त्यात फार काही नसतं. त्या कागदाबरोबर रोगी यादीतून बाहेर पडतो. रोग छातीतच राहतो, आणि त्याची औषधं टीबीच्या औषधांपेक्षा जास्त काळ चालतात.

टीबीचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली जगाला दाखवला. त्याचं घराणं मोठं आहे. मायकोबॅक्टेरियम या नावाखाली आज २००च्या आसपास जाती मोजल्या जातात. त्यांतला एक टीबी करतो, एक कुष्ठरोग. उरलेले जवळजवळ सगळे मातीत, तळ्यांत, नळाच्या पाण्यात आपापले सुखाने राहतात. डॉक्टर त्यांना एकत्रितपणे ‘एनटीएम’ म्हणतात, म्हणजे टीबीचे नसलेले मायकोबॅक्टेरिया. टीबीची चुलत भावंडंच ती. आपण सगळे त्यांना रोज पितो, श्वासातून आत घेतो आणि आपल्याला काही होत नाही. एका माणसाकडून दुसऱ्याकडे ती सहसा जात नाहीत, त्यामुळे रोग्याची ताटवाटी वेगळी ठेवायचं काही कारण नाही. हे ठळक सांगायला हवं, कारण आपल्याकडे ‘टीबीसारखं काहीतरी’ एवढं कानावर आलं तरी ताटवाटी वेगळी होते.

पाण्यातला त्यांचा मुक्काम मोठा चिवट असतो. अंगावर मेणचट आवरण असल्यामुळे क्लोरीनला ती फारशी दाद देत नाहीत, आणि पाइपांच्या आत जो बुळबुळीत थर धरतो त्यात ती वस्ती करतात. २००९ साली अमेरिकेत नॉर्मन पेस यांच्या गटाने नऊ शहरांतल्या शॉवरची तोंडं तपासली, तेव्हा आतल्या थरात मायकोबॅक्टेरियम एव्हियम हा जंतू पाण्यातल्यापेक्षा शंभर पटींहून जास्त साठलेला सापडला. रायपूरचं पाणी खारुन नदीचं. भाठागावच्या फिल्टर प्लांटमधून ते शहरात येतं आणि गच्चीवरच्या काळ्या टाक्यांमध्ये दिवसभर तापतं. या पाण्यात काही वेगळं वाईट आहे असं मुळीच नाही. जगातल्या कुठल्याही शहराच्या नळाला ही मंडळी असतात.

भारताची त्यांच्याशी गाठ जुनी आहे. १९६८ साली मद्रासजवळच्या चिंगलपट भागात बीसीजी लसीचा फार मोठा प्रयोग सुरू झाला. प्रौढांचा फुप्फुसाच्या टीबीपासून त्या लसीने बचाव होत नाही असा निकाल आला आणि जगभरच्या तज्ज्ञांना धक्का बसला. मग जी कारणं पुढे आली त्यांत एक असं होतं की तिथल्या लोकांची शरीरं लहानपणापासून माती-पाण्यातल्या या चुलत भावंडांच्या सवयीची झाली होती, त्यामुळे लसीला नवं काही शिकवायला उरलंच नव्हतं. म्हणजे आपल्या देशात या जंतूंची चर्चा लसीच्या निमित्ताने अर्ध्या शतकापूर्वीच झाली. त्यांच्यामुळे आजारी पडणाऱ्या माणसाची चर्चा मात्र आत्ता आत्ता सुरू होते आहे.

उशीर का झाला, याचं उत्तर सूक्ष्मदर्शकात आहे. थुंकी काचेवर पसरून, रंग देऊन, आम्लाने धुऊन बघितली की निळ्या पार्श्वभूमीवर लाल काड्या दिसतात. टीबीचा जंतू असाच दिसतो आणि त्याची भावंडंही अशीच दिसतात. जगातल्या टीबीच्या रोग्यांपैकी साधारण चौथा हिस्सा रोगी ज्या देशात आहेत, तिथे लाल काडी दिसली की डॉक्टर टीबी म्हणणारच, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही ठरणार. म्हणून उरलेल्या वेळची चूक लपून राहते. ती लपायला आणखी एक गोष्ट हातभार लावते. टीबीच्या चार औषधांपैकी रिफाम्पिसिन आणि एथाम्ब्युटॉल ही दोन या भावंडांवरही थोडीफार चालतात. रोग्याला महिनाभर बरं वाटतं, भूक लागते, आणि मग गाडी पुन्हा घसरते. आता डॉक्टरला वाटतं, हा औषधांना न जुमानणारा टीबी आहे. औषधं आणखी कडक होतात.

या चक्राला पाचर बसली ती जनुकं वाचणाऱ्या यंत्रांमुळे. सरकारी दवाखान्यातलं सीबीनॅट असो की गोव्यातल्या मोलबायो कंपनीचं ट्रूनॅट असो, ते फक्त टीबीचाच जंतू ओळखतं आणि तेही दोनेक तासांत. काचेवर लाल काड्या दिसतात आणि यंत्र म्हणतं टीबी नाही, असं झालं की जाणत्या डॉक्टरने तिथेच थबकायला हवं. पुढे थुंकीतले जंतू प्रयोगशाळेत वाढवून बघावे लागतात. जंतूची नेमकी जात कळायला कधी आठवडा लागतो, कधी दीड महिना. तेवढ्यानेही निदान पक्कं होत नाही. हे जंतू पाण्यातून नमुन्यात सहज शिरतात, म्हणून वेगवेगळ्या दिवशीच्या दोन नमुन्यांत तेच जंतू मिळावे लागतात, शिवाय सीटी स्कॅन आणि लक्षणं जुळावी लागतात. एका कागदावर विसंबून वर्षभराची औषधं सुरू करायची नाहीत, असा नियमच आहे.

पण घाई करायची नाही हे घाबरलेल्या घराला कोण सांगणार?

आमच्या नात्यातल्या एक काकू तात्यापाऱ्यात राहतात. भोसल्यांच्या अमलापासून रायपुरात मराठी घरं आहेत. काकूंच्या घरात मराठी, गल्लीत हिंदी आणि भाजीवालीशी छत्तीसगढी चालते; बोलता बोलता तिन्ही एका वाक्यात येतात. लग्नानंतर दोन-तीन वर्षांतच त्यांना टीबी झाला होता. तेव्हाची इंजेक्शनं, गोळ्या सगळं पुरं करून त्या बऱ्या झाल्या, दोन मुलं वाढवली, शाळेत नोकरी केली. फक्त दर हिवाळ्यात महिनाभर खोकायच्या. “माझी छाती पहिल्यापासून नाजूक,” असं त्या इतक्या सहज सांगायच्या की आम्हालाही तो त्यांच्या स्वभावाचाच भाग वाटे.

साठी उलटल्यावर हिवाळा संपूनही खोकला थांबेना. एकदा कफात रक्ताची रेघ दिसली. शहरातल्या एका खासगी डॉक्टरांनी टीबी उलटला म्हणून गोळ्या सुरू केल्या. सुरुवातीला बरं वाटलं, मग पुन्हा तेच. तेव्हा रायपूरचा मराठी माणूस मोठ्या आजारात जे करतो तेच मुलाने केलं: आईला नागपूरच्या गाडीत बसवलं. रायपुरात तपासणीची सोय नाही असं नाही. टाटीबंधला एम्स आहे, मेकाहारा या सरकारी रुग्णालयात छातीविकारांचा विभाग आहे. पण नागपुरात डॉक्टरशी मराठीत बोलता येतं आणि चार घरं हक्काची असतात. आजारपणात या दोन गोष्टींचं वजन नकाशावरच्या तीनशे किलोमीटरपेक्षा जास्त भरतं.

तिथल्या डॉक्टरांनी जुनी औषधं थांबवली, थुंकी दोनदा वाढवायला दिली आणि काही आठवड्यांनी सांगितलं, “काकू, हा टीबी नाही.”

“मग इतके महिने मी काय खाल्लं?” काकूंनी विचारलं. याचं उत्तर कुणाकडे नव्हतं.

त्यांच्या फुप्फुसात मायकोबॅक्टेरियम एव्हियम कॉम्प्लेक्स या गटातले जंतू होते. तरुणपणीच्या टीबीने श्वासनलिकांचे काही फाटे कायमचे सैल आणि रुंद करून ठेवले होते. त्या खोलगट जागी कफ साचत राहिला आणि साचलेल्या कफात पाहुणे उतरले. वैद्यकात याला ब्राँकिएक्टेसिस म्हणतात. पाश्चात्त्य देशांत या जंतूचं नेहमीचं गिऱ्हाईक म्हणजे सडपातळ बांध्याची, उतारवयातली, फुप्फुसाचा जुना आजार नसलेली बाई. १९९२ साली दोन अमेरिकी डॉक्टरांनी या प्रकाराला ऑस्कर वाइल्डच्या नाटकातल्या लेडी विंडरमियरचं नाव देऊन टाकलं. चारचौघांत खोकायचं नाही अशा वळणामुळे कफ आत साचत असावा, अशी त्यांची कल्पना. ती पुढे टिकली नाही, नाव टिकलं. आपल्याकडच्या बाईला असं ऐटदार नाव नको, तिच्या आजाराचं कारण साधं आहे. भारतातल्या ३१ केंद्रांवर ब्राँकिएक्टेसिसच्या २१९५ रोग्यांची जी नोंद २०१९ साली प्रसिद्ध झाली, तिच्यात सगळ्यात मोठं कारण निघालं जुना टीबी: ३५.५ टक्के. टीबीतून बरे झालेल्यांची नोंद ‘बरा झाला’ या शेऱ्याशी संपते. त्यानंतरची वीस-तीस वर्षं कुणी लिहून ठेवत नाही.

आणि छत्तीसगढमध्ये पडझड झालेल्या छात्यांना तोटा नाही. बिलासपूरजवळच्या गनियारीत दिल्लीच्या एम्समधून बाहेर पडलेल्या काही डॉक्टरांनी जन स्वास्थ्य सहयोग हा दवाखाना काढला. त्यांनी २००४ ते २००९ या काळातल्या टीबीच्या १६९५ प्रौढ रोग्यांची वजनं मांडली. उपचार सुरू होताना पुरुषांचं मधलं वजन ४२.१ किलो होतं, बायकांचं ३४.१. चौतीस किलो. दहा-अकरा वर्षांच्या मुलीएवढ्या वजनाच्या या मोठ्या बाया होत्या, धान लावणाऱ्या आणि लेकरं वाढवणाऱ्या. त्यांतल्या ज्या बऱ्या झाल्या, त्यांची फुप्फुसं कशी उरली असतील? रायपूरच्या हवेचा वाटाही सोडता येत नाही. २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेने शहरांच्या हवेची आकडेवारी काढली तेव्हा बारीक धूलिकणांत रायपूर जगात सातवं आलं होतं. उरला आणि सिलतरा इथल्या स्पंज आयर्नच्या कारखान्यांची काळी राख ज्यांच्या गच्चीवर पडते, त्यांना या यादीचं नवल वाटलं नाही.

आता औषधांकडे येऊ, कारण रोग्याचा सगळा दिवस तीच व्यापतात.

पहिली गोष्ट म्हणजे, निदान पक्कं झालं तरी औषध लगेच सुरू करायचंच असं नाही. रोग सौम्य असेल, पोकळी पडलेली नसेल, थुंकीत जंतू थोडे असतील, तर डॉक्टर थांबून बघू म्हणतात. काहींची थुंकी आपोआप साफ होते. छातीत जंतू आहेत हे माहीत असताना नुसतं बसून राहणं कुणालाही जड जातं, आणि घरातल्यांना तर डॉक्टरच कामचुकार वाटू लागतो. पण औषधाचा भार असा आहे की तो उचलण्याआधी विचार करावाच लागतो.

काकूंना तीन औषधं दिली: अझिथ्रोमायसिन, एथाम्ब्युटॉल आणि रिफाम्पिसिन. त्यांच्या छातीत पोकळी नव्हती, त्यामुळे आठवड्यातून तीन दिवस घेतली तरी चालणार होतं. पोकळी असती तर रोज घ्यावी लागली असती. सोमवार, बुधवार, शुक्रवार. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर त्या वारांना लाल गोल पडले आणि त्या गोलांची चतुर्थी-एकादशीशी टक्कर सुरू झाली. रिफाम्पिसिन अनशापोटी घ्यायचं, अझिथ्रोमायसिनने पोटात ढवळायचं, त्यात उपास. शेवटी असा तोडगा निघाला की गोळ्यांच्या वारी आलेला उपास फराळाच्या नावाखाली भरपेट करायचा. त्यांच्या सासूबाई असत्या तर हे चाललं नसतं, असं काकू स्वतःच म्हणाल्या.

दुसरी गोष्ट मला सगळ्यात अवघड वाटते. टीबीचा रोगी पहिल्याच दिवशी विचारतो, किती दिवस? नेहमीच्या टीबीत त्याला सहा महिने असं उत्तर मिळतं. काकूंना उत्तर मिळालं ते असं: थुंकीतून जंतू वाढेनासे झाले की त्या दिवसापासून १२ महिने मोजायचे. म्हणजे वर्ष एकच, पण ते कधी सुरू होणार हेच सांगता येत नाही. दर महिन्या-दोन महिन्यांनी थुंकी पाठवायची, सहा आठवडे वाट बघायची. जंतू उगवले की मोजणी सुरूच झालेली नाही. लग्नकार्य, यात्रा, मुलाकडे पुण्याला जाणं, सगळं त्या एका कागदावर अडतं. एवढं करूनही या गटातल्या जंतूंपासून सुटका साधारण दहातल्या सहा जणांना मिळते. मायकोबॅक्टेरियम ॲबसेसस नावाचा याच घराण्यातला आडदांड जंतू असेल तर निम्म्यांनाही नाही, आणि त्याच्यासाठी सुरुवातीचे काही आठवडे किंवा महिने सलाइनमधून औषधं घ्यावी लागतात.

औषधांचे दुष्परिणाम कागदावर वाचायला निरुपद्रवी वाटतात. रिफाम्पिसिनने लघवी केशरी होते, ते कुणी आधी सांगितलं नसेल तर माणूस रक्त गेलं म्हणून हादरतो. हेच रिफाम्पिसिन यकृताला इतकं कामाला लावतं की मधुमेहाच्या काही गोळ्या, रक्त पातळ ठेवणारी औषधं, संततिनियमनाच्या गोळ्या यांचा असर उतरतो. एथाम्ब्युटॉल डोळ्याच्या नसेवर येऊ शकतं, आणि सुरुवात लाल-हिरव्यातला फरक पुसट होण्यापासून होते. ठिपक्यांमधून आकडे ओळखायचा तक्ता डोळ्यांच्या कुठल्याही दवाखान्यात असतो, पण तो दर महिन्या-दोन महिन्यांनी बघायला हवा हे सांगणारा माणूस असतोच असं नाही. काकूंच्या सुनेने यावर घरगुती इलाज काढला: पिकलेल्या आणि कच्च्या मिरच्या एकत्र करून निवडायला द्यायच्या. काकूंना हे कळल्यावर त्या रागावल्या, पण मिरच्या निवडत राहिल्या. अझिथ्रोमायसिन आणि अमिकासिन कानांवर येतात. अमिकासिनच्या इंजेक्शनाने गेलेली ऐकण्याची शक्ती बहुधा परत येत नाही.

आणि मग क्लोफाझिमिन. काकूंना ते द्यावं लागलं नाही, पण हट्टी जंतूंसाठी ते आता बरंच वापरलं जातं. १९५०च्या दशकात डब्लिनमध्ये व्हिन्सेंट बॅरी यांच्या चमूने ते टीबीसाठी म्हणून तयार केलं. टीबीत त्याचा पाड लागला नाही, पण कुष्ठरोगात ते असं कामी आलं की १९८१ पासून तीन औषधांच्या उपचारात त्याने कायमची जागा मिळवली. छत्तीसगढला ते चांगलं ओळखीचं आहे. कुष्ठरोगाचे रोगी आजही जास्त आढळणाऱ्या राज्यांपैकी हे एक. चांपाजवळ १९६२ साली सदाशिवराव कात्रे या स्वतः कुष्ठरोग झालेल्या मराठी माणसाने आश्रम काढला, आणि अमरावती जिल्ह्यातल्या पथ्रोटचे दामोदर गणेश बापट यांनी आयुष्याची कित्येक दशकं तिथे घालवली. त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली, पुढच्या वर्षी ते गेले. तेच औषध आता चुलत घराण्यात परतलं आहे. त्याची खोड अशी की कातडी तांबूस-काळी पडते आणि औषध थांबल्यावरही कित्येक महिने तशीच राहते. फुप्फुसातला रोग कुणाला दिसत नाही, रंग सगळ्यांना दिसतो. लग्नाच्या वयाची मुलगी असेल तर औषध बंद पडण्याचं पहिलं कारण हाच रंग असतो, आणि ते कारण डॉक्टरला सांगितलं जात नाही.

गोळ्यांइतकंच, कदाचित जास्त, महत्त्वाचं काम कफ बाहेर काढण्याचं. मिठाच्या पाण्याची वाफ नेब्युलायझरने घ्यायची, कुशीवर वळून निजायचं, तोंड उघडं ठेवून ‘हाऽ’ असा जोरात श्वास सोडायचा, प्लॅस्टिकच्या एका छोट्या यंत्रात फुंकून छातीत कंप उठवायचा. रोज सकाळी अर्धा तास. याला औषधाचं दुकान लागत नाही, बहुधा म्हणूनच कुणी गंभीरपणे सांगत नाही. काकूंना हे शिकवलं एका तरुण फिजिओथेरपिस्टने, आणि त्यांच्या मते सगळ्या उपचारात खरा फरक पडला तो याने. डॉक्टरांचं मत अर्थातच वेगळं.

तिसरी बाजू ताटाची. गनियारीतल्या त्या वजनांच्या अभ्यासामागचे अनुराग भार्गव आणि माधवी भार्गव यांनी पुढे झारखंडमध्ये मोठा प्रयोग केला. टीबीच्या २८०० रोग्यांना औषधांबरोबर दर महिन्याला १० किलोची शिधापिशवी दिली: तांदूळ, डाळ, दुधाची पावडर, तेल. निम्म्या रोग्यांच्या घरच्यांनाही शिधा दिला. २०२३ साली निकाल आले. ज्या घरांत सगळ्यांना शिधा मिळाला, तिथे नव्याने टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी घटलं. ज्या रोग्यांचं वजन पहिल्या दोन महिन्यांत ५ टक्के वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी होता. टीबीच्या रोग्याच्या खात्यात आज १००० रुपये येतात, त्याच्या मागे असल्या कामाचं बळ आहे. चुलत भावंडांच्या रोग्यालाही वजन टिकवणं तितकंच गरजेचं असतं. बारीक माणसात हा रोग जास्त वेगाने वाढतो हे ठाऊक आहे. पण त्याचं वजन कुठल्या तक्त्यात भरायचं?

पैशाचं गणितही असंच आहे. छत्तीसगढमध्ये ‘आयुष्मान’सारख्या सरकारी योजनांतून ५ लाखांपर्यंत उपचार होतात, पण त्या मुख्यतः दवाखान्यात भरती झालेल्यांसाठी आहेत. काकूंचा आजार भरती होण्याचा नाहीच. तो घरात बसून, महिन्याच्या महिन्याला, दुकानातून गोळ्या आणून निस्तरायचा आजार आहे. २०२१ पासून राज्यात श्री धन्वंतरी जेनेरिक दुकानं निघाली, तिथे अझिथ्रोमायसिन स्वस्तात मिळतं. एथाम्ब्युटॉल कधी असतं, कधी नसतं. सरकारी टीबी केंद्रात हीच गोळी पलीकडच्या कपाटात असते, पण ती ज्याचं नाव निक्षयमध्ये आहे त्याच्यासाठी. नियम म्हणून ते ठीकच आहे. एकच गोळी, एकाच घराण्यातला जंतू, फक्त कागदावर नाव दुसरं, हे काउंटरच्या अलीकडे उभं राहिल्यावर पटवून घेणं कठीण जातं.

श्वासातून घ्यायचं खास बनावटीचं अमिकासिन अमेरिकेत २०१८ मध्ये मंजूर झालं. हट्टी जंतूंच्या रोग्यांवरच्या चाचणीत, नेहमीच्या औषधांच्या जोडीला ते दिल्यावर सहा महिन्यांत २९ टक्के लोकांची थुंकी साफ झाली. न दिलेल्यांत ९ टक्के. किंमत इतकी आहे की रायपुरात त्याचा विषय काढण्यात अर्थ नाही. इथले डॉक्टर गरज पडली तर साधं इंजेक्शनचं अमिकासिनच नेब्युलायझरमधून देतात.

टीबीच्या रोग्यांना जे मिळालं तेही कुणी आपण होऊन दिलेलं नाही, हे विसरू नये. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन यांची ऐकण्याची शक्ती टीबीच्या इंजेक्शनांनी गेली. त्यांनी दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांच्याबरोबर बेडाक्विलिन या औषधाचा पेटंट-काळ वाढवायला हरकत घेतली आणि मार्च २०२३ मध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. असं भांडायला आधी आपण किती आहोत हे माहीत असावं लागतं. एनटीएमचे रोगी एकमेकांना भेटतच नाहीत. रायपुरात आपल्यासारखं दुसरं कुणी आहे का, असं काकूंनी एकदा विचारलं होतं. महाराष्ट्र मंडळात मधुमेहाच्या, गुडघ्याच्या, थायरॉइडच्या गप्पा चालतात आणि त्यात सगळे तज्ज्ञ असतात. काकूंचं आजाराचं नाव सांगून होईपर्यंत समोरचा चहाकडे वळलेला असतो.

अझिथ्रोमायसिनबद्दल मात्र समोरच्याकडेही सांगण्यासारखं असतं: “अहो, ती तर मी सर्दीला घेतो!” हे खरं आहे आणि हीच अडचण आहे. २०१९ च्या आकडेवारीनुसार भारतातल्या खासगी बाजारात सगळ्यात जास्त खपणारी प्रतिजैविकाची गोळी ५०० मिलीग्रॅम अझिथ्रोमायसिन हीच होती. काकूंच्या तीन औषधांतला कणा तोच. तो एकटा, सोबतीला दुसरं औषध न घेता वारंवार पोटात गेला, तर छातीतले हे जंतू त्याला सरावतात, आणि मग उरलेल्या दोन औषधांत फारसा जीव राहत नाही. म्हणून जुना खोकला असलेल्या माणसाने दुकानदाराकडून तीन दिवसांची ही पट्टी मागून आणणं इतरांपेक्षा जास्त धोक्याचं.

डिसेंबर २०२४ मध्ये टीबी शोधण्याची शंभर दिवसांची मोहीम निघाली. घरोघरी विचारणारे तात्यापाऱ्यातही आले. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला आहे का? काकूंनी खरं उत्तर दिलं: चाळीस वर्षं आहे. त्यांची थुंकी घेतली गेली आणि यंत्राने टीबी नाही असं सांगितलं. काकूंनी आपली नागपूरची फाइल पुढे केली. मोहिमेवर आलेली मुलगी समजूतदार होती, तिने फाइल चाळली, फॉर्म उलटसुलट करून पाहिला आणि “आंटी, इसका तो कॉलम ही नहीं है,” असं म्हणून पुढच्या घरी गेली. तिचं काही चुकलं नाही. पण तो कॉलम घालायला नवी यंत्रं लागत नाहीत, नवी इमारत लागत नाही. थुंकी तीच, प्रयोगशाळा तीच, मितानीनही तीच. टीबी नाही असं लिहिलेल्या प्रत्येक लाल काडीवाल्या रोग्याचं नाव निक्षयच्याच पुढच्या पानावर उतरवलं, तर निदान किती माणसं हे भोगतायत ते तरी कळेल. मला विचाराल तर गोळ्या फुकट देण्याच्या आधी हे व्हायला हवं.

काकूंची थुंकी साफ झाली, मोजलेलं वर्ष पुरं झालं आणि गोळ्या बंद झाल्या. पुढे एका नमुन्यात जंतू पुन्हा उगवले. डॉक्टरांनी सांगितलं की हा जुना उलटला असं धरून चालू नका. पुष्कळदा तो पाण्या-मातीतून आलेला नवा असतो. वजन टिकून आहे, सीटी स्कॅन बदललेला नाही, म्हणून सध्या औषध नाही, तीन महिन्यांनी थुंकी. मग बोलणं आंघोळीवर आलं. शॉवर नको, बादलीने आंघोळ, न्हाणीघराची खिडकी उघडी, बागेतली माती उकरताना तोंडाला फडकं. हे सगळं काकूंनी कबूल केलं. गाडी अडली ती कूलरवर. रायपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळिसाकडे सरकतो, एसीने काकूंचे सांधे धरतात आणि कूलरशिवाय त्यांना झोप येत नाही. लावा, डॉक्टर म्हणाले, पण टाकीतलं पाणी रोज बदला आणि आठवड्याला टाकी घासून कोरडी करा.

काकूंनी मुलाकडे पाहिलं, मुलाने सुनेकडे. सूनबाई म्हणाल्या, “गोळ्या बऱ्या होत्या.”